फाटकावरचे आकडे आणि आवारातला मुक्काम: टर्मिनल-मोजणीच्या एका सेवेचं परीक्षण

टर्मिनलचा आराखडा करताना मला दोन प्रश्नांची उत्तरं लागतात. किती गाड्या येतात, आणि आलेली गाडी आत किती वेळ अडकून पडते. पहिलं उत्तर कोणीही आणून देतं. दुसरं धडपणे देणारे फार थोडे, आणि फलाट किती, माल चढवायचे-उतरवायचे डॉक किती, पार्किंग किती हे सगळं त्या दुसऱ्यावरच ठरतं. अलीकडे वाहतूक मोजणी करून देणाऱ्या एका कंपनीकडून मी दोन कामं करून घेतली, एक प्रवासी बस टर्मिनलचं आणि दुसरं मालवाहतूक टर्मिनलचं. त्या अनुभवावर हे परीक्षण लिहिते आहे. कंपनीचं नाव देत नाही. या धंद्यातल्या बहुतेकांची साधनं आणि पद्धती मिळत्याजुळत्या असतात, त्यामुळे काम कोणालाही देणार असाल तरी यातलं बरंच उपयोगी पडेल.

निकाल आधीच सांगून टाकते. ट्रकच्या फाटकावर ही सेवा दिलेल्या पैशांचं चीज करते. प्रवाशांच्या दारांवरचे तिचे आकडे जपून वापरावे लागतात. आणि दोन्हीकडे काम तरलं ते त्यांच्या जागेवरच्या पर्यवेक्षकामुळे.

पॅकेजमध्ये काय येतं, तर खांबांवर बसवलेले मोजणीचे कॅमेरे, फाटकांवर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे, ड्रायव्हर आणि प्रवाशांच्या मुलाखती घेणारी मुलं, त्यांच्यावर एक पर्यवेक्षक, आणि शेवटी फाइलींचा एक गठ्ठा. रस्त्यावरच्या मोजणीत सर्रास वापरतात त्या हवेच्या नळ्या यात नाहीत, आणि ते बरोबरच आहे. रस्त्यावर आडवी टाकलेली रबरी नळी चाक वरून गेलं की दाबाचा ठोका यंत्राला देते. मोकळ्या रस्त्यावर हे उत्तम चालतं. टर्मिनलच्या तोंडाशी गाड्या सरपटत जातात, नळीवरच थांबतात, थोड्या मागे येतात, आणि यंत्र एका ट्रकचे दोन करून ठेवतं. मी खर्च कमी करण्याबद्दल विचारलं तेव्हा कंपनीच्या माणसाने नळ्या का चालणार नाहीत हे स्वतःहून समजावून सांगितलं. स्वस्तातलं काहीतरी गळ्यात मारायची संधी त्याने सोडली, तिथेच मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटला.

मुक्कामाच्या वेळेवर माझा एवढा भर का, ते थोडक्यात सांगते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगेचा नियम आहे: आत असलेल्या गाड्यांची सरासरी संख्या म्हणजे तासाला येणाऱ्या गाड्या गुणिले प्रत्येकीचा सरासरी मुक्काम. तासाला ३० बस येत असतील आणि एकेक १२ मिनिटं थांबत असेल, तर सरासरी ६ फलाट भरलेले असणार. तोच मुक्काम २० मिनिटांवर गेला की १० फलाट. एकही बस वाढलेली नाही, तरी टर्मिनल तुंबलं. ट्रकचंही तेच. तासाला २० ट्रक आणि मुक्काम ३ तासांचा, म्हणजे आवारात ६० ट्रक. मुक्काम अर्ध्या तासाने आणला खाली, की १० ट्रकची जागा एक वीटही न रचता मोकळी. ही सरासरी झाली. गर्दीच्या वेळी जास्तच लागतात. पण फक्त येणाऱ्या गाड्या मोजून आणणारी सेवा अर्धंच काम करते, हे यातून कळावं.

आता ट्रकच्या फाटकाकडे. आत येताना नंबरप्लेट वाचायची, बाहेर जाताना वाचायची, दोन्ही जुळवून वजाबाकी करायची, की मुक्काम हाती आला. ऐकायला सोपं आहे. मेख अशी की कॅमेरा दोन्हीकडे १०० पैकी ९५ प्लेटा बरोबर वाचत असेल, तर दोन्ही बाजूंनी बरोबर वाचलेल्या जोड्या ९० च्या आसपासच उरतात. म्हणजे दहातला एक ट्रक हिशेबातून बाद. बाद होणारे कोण, हे महत्त्वाचं. चिखलाने माखलेल्या प्लेटा, वाकलेल्या प्लेटा, ज्यांच्यावर दोर लोंबतो आहे अशा प्लेटा. या गाड्या लांबून येतात, कच्च्या रस्त्यावरून येतात, आणि बरेचदा त्याच जास्त वेळ थांबतात. त्या गळाल्या की सरासरी मुक्काम आहे त्यापेक्षा कमी दिसतो. कंपनीने इथे मेहनत घेतली. न जुळलेल्या प्रत्येक नोंदीचं छायाचित्र माणसाकडून पुन्हा वाचून घेतलं, आणि बऱ्याचशा जोड्या परत मिळवल्या. हे काम किती किचकट असतं ते केलेल्यालाच ठाऊक.

ट्रेलरच्या बाबतीत मात्र पहिल्या फाइलीत घोळ होता. ट्रेलर ओढणारं पुढचं इंजिन एक पेटी, म्हणजे कंटेनर, आत सोडतं आणि दुसरीच घेऊन बाहेर पडतं. इंजिनाच्या प्लेटवरून मुक्काम काढला तर तो पाऊण तास येतो; पेटी तीन दिवस आवारात पडून असते. दोन्ही आकडे खरे, पण एक रस्त्याच्या आखणीसाठी आणि दुसरा साठवणुकीच्या जागेसाठी. त्यांनी दोन्ही एकाच रकान्यात घातले होते. मी सांगितल्यावर कंटेनरचा क्रमांक वेगळा वाचून वेगळी फाइल करून दिली. कंटेनरच्या क्रमांकाची एक सोय आहे. आयएसओ ६३४६ या मानकाप्रमाणे त्यात ४ अक्षरं, ६ अंक आणि शेवटी १ पडताळणीचा अंक असतो. हा शेवटचा अंक आधीच्या अक्षरांवरून आणि अंकांवरून ठराविक गणिताने निघतो. कॅमेऱ्याने ८ चा ३ वाचला तर गणित जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे पकडता येते. ट्रकच्या नंबरप्लेटला अशी सोय सहसा नसते. म्हणून कंटेनरच्या फाइलीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला नाही तरी निर्धास्तपणे काम केलं.

घड्याळांची गोष्ट जरा विस्ताराने सांगते, कारण ती कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. दोन फाटकांवरचे कॅमेरे आपापल्या घड्याळाने वेळ टिपतात. आत येणाऱ्या बाजूच्या कॅमेऱ्याचं घड्याळ चार मिनिटं पुढे असेल, तर आत आला आणि लगेच वळून बाहेर पडला असा ट्रक फाइलीत येण्याआधीच गेलेला दिसतो. मुक्काम उणे तीन मिनिटं. अशा ओळी डोळ्यांना खुपतात, त्यामुळे लोक त्या पुसतात आणि पुढे जातात. खरा धोका न खुपणाऱ्या ओळींत असतो, कारण तीच चार मिनिटं प्रत्येक मुक्कामातून कापली गेलेली असतात. बसच्या १२ मिनिटांच्या मुक्कामात चार मिनिटांची गफलत म्हणजे एक तृतीयांश. या कंपनीचा पर्यवेक्षक दर पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी स्वतःचा फोन प्रत्येक कॅमेऱ्यासमोर धरायचा. फोनवर सेकंदासकट वेळ, कॅमेऱ्याच्या चित्रावर कॅमेऱ्याची वेळ, दोन्ही एकाच चौकटीत. फाइल तयार करताना त्या चित्रांवरून प्रत्येक कॅमेऱ्याची वेळ दुरुस्त केलेली होती आणि किती दुरुस्त केली तेही लिहिलेलं होतं. मी याआधी इतरांकडून घेतलेल्या कामात हे असं नोंदवलेलं पाहिलं नव्हतं.

त्याच पर्यवेक्षकाच्या वहीचे फोटो मी फाइलींबरोबर मागून घेतले. शिसपेन्सिलीने लिहिलेली साधी वही. "१०:४० गेट २, ट्रेलर आडवा, कॅमेरा ३ झाकला. १०:५५ मोकळा." "१४:१५ काट्यावर वीज गेली, रांग कोपऱ्यापर्यंत." "१६:०५ गेट १ बंद, सगळे गेट २ ने." सॉफ्टवेअरच्या आलेखात १०:४० ते १०:५५ या वेळेत गेट २ ची वाहतूक एकदम आटलेली दिसते. वही नसती तर मी ती खरोखरची मंदी धरली असती आणि दुपारी वजनकाट्यासमोर झालेली कोंडी रोजची समजून तिथे जादा जागा दाखवली असती. मोजणीचं काम देताना अशी वही कामाच्या यादीत घालाच. तिला वेगळे पैसे लागत नाहीत, फक्त जागेवर राहणारा आणि डोळे उघडे ठेवणारा माणूस लागतो.

आवारात कोणत्या वेळी किती गाड्या होत्या, याचा आलेख कंपनी देते. आलेल्यांतून गेलेल्या वजा करत जायचं. इथे एक सापळा आहे. समजा दिवसाला १,००० गाड्या येतात आणि तितक्याच जातात. आत येणाऱ्या १०० पैकी २ कॅमेऱ्याने सोडल्या आणि बाहेर जाणाऱ्या ३ सोडल्या. दोन्ही कॅमेरे चांगलेच म्हणायचे. तरी संध्याकाळी हिशेबात ९८० आल्या आणि ९७० गेल्या, म्हणजे १० गाड्या आवारात नसून आहेत. आठवड्याअखेर अशा ७०. किराणा दुकानदार जसा रोज गल्ला मोजून वहीशी ताडून पाहतो, तसं इथेही रोज एकदा आवारात फिरून उभ्या गाड्या मोजाव्या लागतात आणि आलेख त्या आकड्यावर आणून ठेवावा लागतो. सुरुवातीला ज्या गाड्या आधीपासूनच आत आहेत त्यांचीही मोजणी हवी, नाहीतर आलेख शून्यावरून सुरू होतो आणि पहाटेचं आवार रिकामं दिसतं. मालवाहतुकीच्या ठिकाणी पहाटेच सर्वात जास्त ट्रक उभे असू शकतात. कंपनीने सुरुवातीची मोजणी केली होती, रोजची मात्र मी मागितल्यावर सुरू केली. हे त्यांच्या नेहमीच्या पद्धतीत असायला हवं होतं, आणि मी त्यांना तसं लेखी कळवलं आहे.

तीच गोष्ट मोजणीच्या लांबीची. त्यांच्या दरपत्रकात १२ तासांचा पर्याय ठळकपणे छापलेला असतो, आणि पुष्कळ लोक तोच घेतात. रस्त्यासाठी ठीक. टर्मिनलवर १२ तासांत तोच मुक्काम मोजता येतो जो त्या १२ तासांत सुरू झाला आणि त्यातच संपला. आदल्या रात्री आलेला ट्रक आणि दुसऱ्या सकाळी जाणारा ट्रक दोन्ही गळतात. मुक्काम जितका लांब, तितकी त्याची गळती जास्त. उरलेल्या छोट्या मुक्कामांची सरासरी काढून कोणी आवाराची जागा ठरवली, तर ती कमी पडणार हे ठरलेलंच. मालवाहतुकीला २४ तास, तेही सलग काही दिवस, यापेक्षा कमी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

फाटकाबाहेरची रांग हा या सेवेतला सर्वात मोठा दोष. नंबरप्लेट कॅमेरा फाटकावर असतो, म्हणून ट्रकचा मुक्काम फाटकापासून मोजला जातो. ट्रक त्याआधी बाहेरच्या रस्त्यावर कितीतरी वेळ उभा असतो. मी मुलाखतीच्या मुलांबरोबर रांगेतून चालत गेले तेव्हा एका ड्रायव्हरला विचारलं, "दादा, कधीपासून उभे आहात?" तो म्हणाला, "पहाटे लागलोय, ताई. आत घेतलं की तासाभरात सोडतील. आत घेणंच अवघड आहे." फाइलीत त्या फाटकाचा सरासरी मुक्काम पाहिला तर तासाच्या जवळपासच होता. आकडा खोटा नव्हता, पण ड्रायव्हरचा दिवस त्यात नव्हता, आणि बाहेरच्या रस्त्यावर अडकलेली बाकीची वाहतूकही नव्हती. टर्मिनल चालवणाऱ्याला हा आकडा आवडतो, कारण त्याची कामगिरी चांगली दिसते. ज्यांची गाडी, ज्यांचं इंधन, ज्यांची झोप त्या रांगेत जाते त्यांचं काय? मोजणी करणाऱ्याने रांगेच्या शेपटाशी एक कॅमेरा ठेवलाच पाहिजे, आणि रांग वाढली की तो मागे नेता आला पाहिजे. यांनी माझ्या आग्रहावरून तो बसवला, पण एका ठिकाणी पक्का. रांग त्याच्याही मागे गेली त्या वेळी मुलाखतींवरच भिस्त ठेवावी लागली.

मुलाखतीचं काम मात्र फार छान झालं. कुठून आलात, कुठे जाणार, माल काय, गाडी भरलेली की रिकामी, रांगेत कधी लागलात, एवढे पाचच प्रश्न. मुलांना नीट शिकवलं होतं की बोलका दिसेल त्याला गाठायचं नाही, ठरलेल्या क्रमाने येईल त्या गाडीशीच जायचं, आणि तो नाही म्हणाला तर नकार लिहून ठेवायचा. बोलक्या माणसांचीच माहिती गोळा झाली की सगळा नमुना एका बाजूला कलतो. क्रमाने घेतलेल्या मुलाखती कॅमेऱ्याच्या एकूण मोजणीशी प्रमाणात वाढवता येतात, म्हणून दोन्ही काम एकाच वेळी चालू असणं गरजेचं.

भरलेली की रिकामी हे कॅमेरा सांगू शकेल का, असं मला पुष्कळ जण विचारतात. उघड्या ट्रकचं बरंचसं सांगता येतं. बंद पेटीचं नाही. आणि चाकांच्या आसांवरून गाडीचा वर्ग ठरवणारी साधनं इथे फसतात. काही ट्रकना उचलता येणारा जादा आस असतो. भरलेला असला की तो खाली, रिकामा परतताना वर. जमिनीला टेकलेले आस मोजणाऱ्या यंत्राला तोच ट्रक येताना एका वर्गाचा आणि जाताना दुसऱ्या वर्गाचा दिसतो. कॅमेऱ्यातून बघणाऱ्या माणसाला हाच उचललेला आस रिकाम्या गाडीची खूण म्हणून उपयोगी पडतो. पर्यवेक्षकाला हे माहीत होतं आणि त्याने मुलांकडून तो वेगळा रकाना भरून घेतला होता. अशा माणसाला कंपनीने जपावं.

प्रवासी टर्मिनलवर चित्र वेगळं. बसच्या नोंदी चांगल्या आल्या, एक त्रास सोडून. एकच बस दिवसात पुन्हा पुन्हा येते. तिचं एक जाणं कॅमेऱ्याच्या नजरेतून सुटलं की सॉफ्टवेअर तिचं सकाळचं येणं दुपारच्या फेरीतल्या जाण्याशी जोडतं, आणि पंधरा मिनिटं थांबलेली बस चार तास फलाटावर बसलेली दिसते. एकाच बसचं "आत, आत" असं लागोपाठ दोनदा आलं तर मध्ये "बाहेर" हरवलं आहे हे उघड आहे. ही चाळणी लावून पाहिल्यावर सरासरी मुक्काम बराच खाली आला. कंपनीने पहिल्या फाइलीत ती लावली नव्हती, दुसरीत लावली.

माणसं मोजण्यात मात्र सेवा कमी पडली. दारावर तिरपा लावलेला कॅमेरा एकामागे एक चालणाऱ्यांना नीट मोजतो. बस रिकामी झाली की माणसं एकेकट्याने थोडीच येतात. लोंढा येतो. पुढच्याच्या आड मागचा, कडेवर मूल, डोक्यावर बोजा, दोघांनी धरलेली एक बॅग. तिरप्या कॅमेऱ्याला यातली बरीच माणसं दिसतच नाहीत. दारावर बरोबर डोक्यावरून खाली बघणारा, उंची ओळखणारा कॅमेरा लागतो, आणि तो लावायला तिथे छत किंवा आडवी तुळई लागते. यांच्याकडे तसे कॅमेरे होते, पण पाहणीच्या वेळी दारांची उंची कोणी मोजली नव्हती, म्हणून काही दारांवर शेवटी तिरपेच लागले. पैसे मात्र सगळ्या दारांचे सारखेच लावले.

अचूकतेबद्दल कंपनीचं पत्रक ९५ टक्के म्हणतं. हा आकडा कसा काढला ते नेहमी विचारा. दिवसभराची एकूण संख्या हाताने मोजलेल्या एकूण संख्येशी ताडली, तर दहा माणसं सुटली आणि दहा दोनदा मोजली गेली तरी अचूकता १०० टक्के दिसते. चुका एकमेकींना खाऊन टाकतात. मी गर्दीच्या वेळेचे काही तुकडे निवडून तिथलं चित्रीकरण मागवलं आणि सुटलेली माणसं वेगळी, दोनदा मोजलेली वेगळी अशी नोंद करून घेतली. शांत वेळी पत्रकातला आकडा जवळपास खरा ठरला. बस रिकाम्या होण्याच्या वेळी तो टिकला नाही, आणि दाराची रुंदी ठरते ती याच वेळेवर. जॉन फ्रुइन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पादचाऱ्यांच्या गर्दीच्या पातळ्या आखून दिल्या. रांगेत उभ्या माणसाला साधारण ०.२ चौरस मीटरहून कमी जागा उरली की ती सर्वात वाईट पातळी, माणसाला हलताही येत नाही. तिथपर्यंत गर्दी जाते का, किती वेळ राहते, हे ठरवायला शांत दुपारची अचूकता काय कामाची?

याच कारणाने मी १५ मिनिटांच्या बेरजा नाकारल्या आणि प्रत्येक नोंद सेकंदासह मागितली. १५ मिनिटांचे गट ही वाहतूक मोजणीतली जुनी सवय आहे. त्यावरून गर्दीच्या तासाचा गुणांक निघतो: तासाची एकूण संख्या भागिले सर्वात गर्दीच्या १५ मिनिटांची चौपट. सगळी गर्दी एकाच पावतासात आली तर ०.२५, सारखी पसरली तर १. रस्त्याला हे पुरतं. चार बस एकदम लागल्या की जिन्यावरची कोंडी तीन मिनिटांत होते आणि तीन मिनिटांत विरते. १५ मिनिटांच्या बेरजेत ती दिसतही नाही. कच्च्या नोंदी द्यायला कंपनीने खळखळ केली नाही, त्याचे गुण मी देते.

आणखी एक गोष्ट कोणताही कॅमेरा सांगत नाही: दारातून आत आलेला माणूस प्रवासी आहे की पोचवायला आलेला. तिकिटांच्या नोंदीतून प्रवासी कळतात, सोडायला आलेले नाहीत. बसायच्या जागा, गाड्या लावायची जागा, सोडण्या-घेण्याची मार्गिका या सगळ्यांवर त्यांचाही भार असतो. त्यासाठी दारावर विचारणं हाच उपाय, आणि ते त्यांनी व्यवस्थित केलं.

फोनच्या वाय-फाय खुणांवरून माणसांचा टर्मिनलमधला वावर मोजण्याची एक जोडसेवा कंपनी विकते. ती घेऊ नका. फोन जवळचं नेटवर्क शोधताना स्वतःची एक ओळख हवेत सोडतो, त्यावरून आत किती वेळ राहिला ते कळायचं. आयफोनने २०१४ मध्ये आयओएस ८ पासून शोधताना ही ओळख बदलती ठेवायला सुरुवात केली, आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून बदलती ओळख हेच नेहमीचं झालं. आता एकच फोन कितीतरी फोन म्हणून दिसू शकतो. लोकांच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. मोजणीसाठी ती वाट आता विश्वासाची राहिलेली नाही, आणि हे माहीत असूनही ती सेवा दरपत्रकात ठेवणं मला पटलं नाही.

खासगीपणाचा विषय निघालाच आहे तर नंबरप्लेटांबद्दलही. कंपनी म्हणते की प्लेट साठवत नाही, तिचं सांकेतिक रूप साठवते. हे पुरेसं नाही. प्लेटांचे शक्य असलेले क्रमांक मर्यादित असतात. सगळ्यांची सांकेतिक रूपं करून ताडून पाहिलं तर मूळ प्लेट संगणकाला सहज सापडते. संकेत करताना त्यात एक गुप्त किल्ली मिसळावी लागते, आणि मोजणी संपून जोड्या लागल्या की ती किल्ली नष्ट करावी लागते. मी हे लेखी मागितलं, त्यांनी केलं, आणि केल्याचं पत्र दिलं.

दिवस कोणते निवडायचे, यात त्यांचा सल्ला रस्त्याच्या सवयीचा होता: आठवड्याच्या मधले दिवस. प्रवासी टर्मिनलला शुक्रवारची आणि रविवारची संध्याकाळ सोडून चालत नाही, आणि मालवाहतुकीला महिनाअखेर. वर्षातला सर्वात गर्दीचा दिवसही आराखड्यासाठी धरत नाहीत, कारण त्यासाठी बांधलेलं बाकी वर्षभर ओसाड पडतं. महामार्गाच्या आखणीत वर्षातला ३० वा सर्वात गर्दीचा तास धरण्याची पद्धत आहे ती यासाठीच. टर्मिनलच्या तिकिटांच्या आणि फाटकाच्या वर्षभराच्या जुन्या नोंदी आधी मागवून त्यातून दिवस निवडले, तर थोड्या दिवसांच्या मोजणीतूनही वर्षाचा अंदाज बांधता येतो. हे काम ज्याने मोजणी मागवली त्याने करायचं असतं, कंपनीवर सोडायचं नसतं.

अहवालाची रंगीत छापील प्रत चकचकीत होती आणि तिच्यातले आलेख मी एकदाच पाहिले. कामाच्या निघाल्या त्या चार साध्या फाइली: प्रत्येक गाडीच्या नोंदी, कंटेनरच्या नोंदी, मुलाखती, आणि वहीचे फोटो.

पुढच्या मालवाहतुकीच्या कामासाठी मी यांनाच विचारलं आहे. कामाच्या पत्रात चार अटी घातल्या आहेत: तोच पर्यवेक्षक जागेवर हवा, आवाराची रोजची प्रत्यक्ष मोजणी हवी, दारांची आणि खांबांची उंची आधी मोजून मगच दर ठरवायचा, आणि रांगेच्या शेपटाचा कॅमेरा चाकांच्या खांबावर हवा, रांग जाईल तिथे नेता येईल असा. पहिल्या तीन त्यांनी मान्य केल्या आहेत. चौथीसाठी रात्रपाळीला एक जादा माणूस लागेल म्हणतात. त्याचा पगार मी अंदाजपत्रकात धरला आहे.